फिक्स्ड गिअर सायकल जुळवताना: फ्रेम कोणती घ्यावी आणि पैसे कशावर घालावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ पुण्यात कोथरूडला राहतात, त्यांची उंची १७२ सेंटिमीटर आहे, ते रोज कामाला सायकलने जातात, आणि आता त्यांना फिक्स्ड गिअरची, म्हणजे फ्रीव्हील नसलेली, चाक फिरेल तोवर पेडलही फिरत राहणारी सायकल उभी करायची आहे. ती मुख्यतः शहरातल्या रस्त्यांवर चालेल. जमेल तेव्हा बालेवाडीच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या कलत्या ट्रॅकवर, नेता आली तर उत्तम. त्यांच्यासमोर तीन फ्रेम आहेत: जपानमधल्या कीरिन शर्यतींत वापरून झालेली, एनजेएस या मान्यतेच्या शिक्क्याची जुनी फ्रेम; काकांनी १९८०च्या दशकात परदेशातून आणलेली स्टीलची रोड फ्रेम; आणि ट्रॅकच्या धर्तीवर पण रस्त्यासाठी बनवलेली नवी फ्रेम. यांपैकी कोणती घ्यावी आणि सुट्या भागांपैकी कशावर हात सैल सोडावा, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो, कारणे मागाहून देतो. काकांच्या फ्रेमच्या मागच्या खाचा (ज्यांत मागच्या चाकाचे एक्सल, म्हणजे आस, बसते) आडव्या असतील आणि नळ्या सरळ असतील, तर तीच घ्यावी. खाचा उभ्या असतील तर नवी फ्रेम घ्यावी. कीरिनची फ्रेम कितीही देखणी असली तरी या कामासाठी घेऊ नये. आणि फ्रेमवर जे पैसे वाचतील ते मागचा हब (चाकाचा मधला भाग), कॉग (हबवरचे दातेरी चक्र), लॉकरिंग (कॉग जागेवर धरणारी रिंग) आणि चाकाची बांधणी यांवर घालावेत.

या सायकलीचे सगळे गणित एका गोष्टीवर उभे आहे. साध्या सायकलीत पाय थांबले की फ्रीव्हील मोकळे फिरते, त्यामुळे चेनवर ताण येतो तो फक्त पुढे ओढताना, आणि तोही वरच्या बाजूला. फिक्स्डमध्ये पायाने वेग आवरायला गेले की चेनची खालची बाजू ताणली जाते आणि कॉगवर उलटा, म्हणजे त्याला हबवरून सोडवू पाहणारा, जोर येतो. हा उलटसुलट ताण क्षणाक्षणाला बदलत राहतो. चेन सैल पडली तर ती ओढून धरायला इथे गिअर बदलणारा डिरेलर नसतो, आणि धावत्या सायकलीची चेन उतरून मागच्या चाकात अडकली तर ते चाक जागच्या जागी जाम होते. म्हणून क्रँकपासून (पेडलच्या दांड्यापासून) मागच्या टायरपर्यंतचा प्रत्येक भाग हा एकाच वेळी चालवणारा आणि थांबवणारा भाग आहे, असे समजून निवड करावी लागते.

सर्वांत आधी फ्रेमच्या मागच्या खाचा पाहाव्यात. खऱ्या ट्रॅक फ्रेमला मागच्या बाजूने उघडणारी लांब आडवी खाच असते. चाक मागे ओढले की चेन ताठ होते. जुन्या रोड फ्रेमना बहुधा पुढच्या बाजूने उघडणारी, किंचित तिरपी आडवी खाच असते. तिच्यात एक्सल सरकवायला जागा कमी मिळते, पण काम भागते. अलीकडच्या, गिअरसाठी बनवलेल्या फ्रेमना उभी खाच असते आणि तिच्यात एक्सल पुढेमागे करण्याची सोयच नसते. तिच्यावर फिक्स्ड बसवायचे तर एक्सेंट्रिक, म्हणजे आस मध्यापासून सरकवता येणारा, हब किंवा तसाच बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतात तो फ्रेमच्या तळाचा बेअरिंगचा भाग) लागतो, नाहीतर दातांची अशी जोडी शोधावी लागते की चेन नशिबाने बरोबर ताठ बसेल. ती बसलीच तरी चेन थोडी झिजली की पुन्हा सैल पडते. चेन-टेन्शनरचा, म्हणजे चेन स्प्रिंगने ताणून धरणाऱ्या भागाचा, तर विचारही करू नये. पायाने वेग आवरताना खालच्या बाजूला येणारा ताण तो सहन करू शकत नाही.

आडव्या खाचेत किती जागा लागते याचा हिशोब सोपा आहे. कॉगचा किंवा चेनरिंगचा (पुढच्या दातेरी चक्राचा) एक दात वाढवला किंवा घटवला की एक्सल सुमारे ३ मिमी सरकते. चेनची एक पूर्ण जोडकडी, म्हणजे एक इंच, कमी केली की ते १२.७ मिमी सरकते. जुन्या रोड फ्रेमच्या खाचेत एवढी हालचाल बहुतेक वेळा मिळते.

दुसरे माप मागच्या दोन खाचांमधल्या अंतराचे. ट्रॅक हब १२० मिमीचा असतो. १९८०च्या दशकातल्या रोड फ्रेम बहुधा १२६ मिमीच्या असतात, नंतरच्या १३० मिमीच्या. १२० मिमीचा हब १२६च्या फ्रेममध्ये बसवताना एक्सलवर दोन्ही बाजूंना ३-३ मिमीचे वॉशर घालावेत. नट आवळून फ्रेमच जवळ ओढून घेणे हा आळस आहे: त्यामुळे खाचेच्या पट्ट्या एकमेकींना समांतर राहत नाहीत आणि एक्सलवर कायम वाकडा ताण राहतो. वॉशर दोन्ही बाजूंना सारखे असले की कॉग सायकलच्या मध्यरेषेपासून आहे तिथेच राहतो, त्यामुळे चेनची रेषाही बदलत नाही. मात्र एक्सल पुरेसे लांब आहे ना, नट पूर्ण आट्यांवर बसतो ना, हे पाहून घ्यावे.

काकांची फ्रेम वापरण्याआधी ती सरळ आहे की नाही हे घरच्या घरी तपासता येते. एक दोरी मागच्या एका खाचेला बांधावी, पुढे नेऊन हेडट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या नळीला, वळसा घालावा आणि दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणावी. मग सीटट्यूबपासून, म्हणजे सीटखालच्या नळीपासून, दोन्ही बाजूंच्या दोरीचे अंतर व्हर्नियरने मोजावे. दोन्ही मापे एक-दोन मिमीच्या आत जुळली तर मागचा भाग मध्यावर आहे. त्यानंतर हेडट्यूबच्या लगेच मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाकडून बोट फिरवावे. समोरून धडक बसलेली फ्रेम तिथे सुरकुतते. रंगाखाली ती सुरकुती डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लागते. बॉटम ब्रॅकेट काढून फ्रेम उलटी करून झटकावी. गंजाचा भुगा थोडा पडला तर काळजी नको, पण पापुद्रे पडू लागले तर ती फ्रेम भिंतीवर टांगावी. चाळीस पावसाळे दमट हवेत काढलेल्या, विशेषतः मुंबई-कोकणातून आलेल्या फ्रेमच्या बाबतीत ही तपासणी टाळू नये. सीटपोस्ट आतच जाम झाला असेल तर तो निघतो का हे रंगकामाचा खर्च करण्याआधी पाहावे, नंतर नाही.

आता बॉटम ब्रॅकेटच्या उंचीकडे येतो. फ्रेम निवडताना लोक हिच्याकडे सर्वांत कमी पाहतात. वळणावर साध्या सायकलीत आपण आतल्या बाजूचे पेडल वर धरतो. फिक्स्डमध्ये पेडल फिरतच राहते, म्हणजे सायकल कलंडलेली असतानाच आतले पेडल खाली येते आणि ते रस्त्याला घासले तर मागचे चाक उचलले जाते. रोड फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट चाकांच्या एक्सलच्या रेषेपेक्षा साधारण ७० मिमी खाली असतो (यालाच ड्रॉप म्हणतात), ट्रॅक फ्रेमचा ५० ते ६० मिमी. ७०० x २५ टायरच्या चाकाची त्रिज्या ३३६ मिमी धरली, तर रोड फ्रेमवर १७२.५ मिमीचा क्रँक लावल्यास खाली आलेल्या पेडलचे एक्सल जमिनीपासून ९३.५ मिमीवर राहते. ५५ मिमी ड्रॉपच्या ट्रॅक फ्रेमवर १६५ मिमीचा क्रँक लावल्यास ११६ मिमीवर. हा फरक जवळजवळ एक इंचाचा आहे. म्हणून काकांच्या फ्रेमवर जुना लांब क्रँक ठेवू नये, १६५ मिमीचा घ्यावा आणि पेडलही अरुंद निवडावेत. रिक्षाला वळसा घालून खड्डा चुकवताना आपण किती कलंडतो हे आपल्याला कळतही नाही. वेलोड्रोमच्या चढ्या बाजूवर हाच प्रश्न वेगळ्या रीतीने येतो: वेग कमी असला की वरच्या बाजूचे, म्हणजे उजवे, पेडल ट्रॅकला लागते.

ट्रॅक फ्रेम ‘चपळ’ असते असे सगळे म्हणतात आणि त्याचे श्रेय हेडट्यूबच्या उभ्या कोनाला देतात. आकडे मांडून पाहावेत. ७३ अंशांचा कोन आणि ४५ मिमी फोर्क ऑफसेट (पुढचे एक्सल स्टिअरिंगच्या आसेच्या जितके पुढे असते ते अंतर) असलेल्या रोड फ्रेमचा ट्रेल (स्टिअरिंगची आस जमिनीला जिथे भेटते तिथून टायर टेकते त्या बिंदूपर्यंतचे अंतर) सुमारे ५६ मिमी येतो. ७५ अंश आणि ३५ मिमी असलेल्या ट्रॅक फ्रेमचा सुमारे ५४. म्हणजे ट्रेल जवळपास तितकाच आहे. जाणवतो तो फरक मुख्यतः पुढचे चाक जवळ आल्याचा आणि एकूण लांबी घटल्याचा. त्याची किंमतही मोजावी लागते, कारण हँडल वळवले की बुटाचे टोक पुढच्या टायरला लागते. बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या एक्सलपर्यंतचे अंतर ६०० मिमीच्या आत असेल, तर बूट लागण्याची शक्यता धरूनच चालावे. वेगात हँडल इतके वळतच नाही, हे खरे. पण सिग्नलपाशी गर्दीतून हळू वळताना वळते, आणि तेव्हा पाय जागेवर धरून ठेवण्याची मुभा फिक्स्डमध्ये नसते. १७२ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला बसणाऱ्या फ्रेमच्या मापात हा प्रश्न हमखास डोके वर काढतो.

कीरिन फ्रेमबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिचा मोह कसा असतो हे मला ठाऊक आहे. कीरिन ही जपानमधली अधिकृतपणे पैसे लावून पाहिली जाणारी सायकल शर्यत; ती १९४८मध्ये कोकुरा येथे सुरू झाली. प्रेक्षकांचा पैसा स्वारावर लागलेला असल्यामुळे यंत्रसामग्रीने कोणाला फायदा मिळू नये, आणि शर्यतीत भाग तुटू नये, यासाठी फ्रेमपासून हँडलपर्यंत प्रत्येक वस्तूला मान्यता घ्यावी लागते. एनजेएस हा त्या मान्यतेचा शिक्का. म्हणून पुरुषांच्या शर्यतींतल्या त्या सायकली आजही बहुतांशी स्टीलच्या आहेत आणि जुन्या पद्धतीच्या भागांच्या आहेत. १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे व्यावसायिक स्प्रिंटचे जागतिक विजेतेपद मिळवणारे कोइची नाकानो यांचे नाव नागासावा या कारागिराच्या फ्रेमशी जोडलेले आहे, आणि अशा कारागिरांचे लगचे, म्हणजे नळ्यांच्या सांध्यांचे, काम हातात घेऊन पाहण्यासारखे असते, यात शंका नाही.

पण तो शिक्का काय सांगतो हे नीट समजून घ्यावे. ही वस्तू गुळगुळीत बंदिस्त ट्रॅकवर, ब्रेकशिवाय, अरुंद ट्यूब्युलर (रिमला चिकटवलेल्या) टायरवर शर्यत लढायला योग्य आहे, एवढेच तो सांगतो. या फ्रेममध्ये २३ मिमीचे टायर आरामात बसते, २५ मिमीचे कसेबसे. पुण्याच्या रस्त्यांवर मी २८ मिमीपेक्षा अरुंद टायर सुचवणार नाही. मागे ब्रेकसाठी भोक बहुधा नसते. जपानी स्वार रस्त्यावर सराव करताना पुढचा ब्रेक लावत असल्याने पुढच्या फोर्कला पुष्कळदा भोक असते, पण ते गृहीत धरू नये. नसेल तर फोर्कच्या क्राउनमध्ये (माथ्यात) नवे भोक पाडण्याच्या फंदात पडू नये. हेडसेटचेही (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगचेही) माप निराळे पडू शकते. जपानी जेआयएस मापात फोर्कची बैठक २७.० मिमी असते, तर इतरत्र रूढ असलेल्या आयएसओ मापात २६.४ मिमी, आणि हे कळते ते बहुधा महागडा हेडसेट विकत घेऊन झाल्यावर. शिवाय ही फ्रेम शर्यतीतून निवृत्त झालेली असते. कीरिनमध्ये पडापड नेहमीची आहे, तेव्हा वर सांगितलेली दोरीची आणि बोटाची तपासणी इथे दुप्पट काळजीने करावी. विक्रेता फक्त छायाचित्रे दाखवत असेल तर हेडट्यूबच्या मागच्या नळ्यांचे जवळून काढलेले फोटो मागावेत. ते द्यायला खळखळ केली तर व्यवहार तिथेच सोडावा.

नवी फ्रेम घ्यायची झाल्यास चार गोष्टी विचाराव्यात: मागे-पुढे ब्रेकची भोके आहेत का, २८ मिमीचे टायर बसते का, बॉटम ब्रॅकेट ड्रॉप किती, आणि शेल (बॉटम ब्रॅकेट बसतो ती नळी) साधे ६८ मिमीचे इंग्लिश आट्यांचे आहे का. ॲल्युमिनियम की स्टील हा वाद मी यानंतर ठेवतो. रस्त्यासाठी स्टील बरे, कारण खाचेत नट आवळून-सोडवून झालेली झीज ते जास्त सोसते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला खाचेवर स्टीलची पट्टी असेल तर तीही चालेल.

आता खर्चाचा खरा मुद्दा, मागचा हब. ट्रॅक हबला दोन पायऱ्यांचे आटे असतात. कॉग उजव्या आट्यांवर बसतो, १.३७ इंच व्यासाच्या, इंचाला २४ आटे असलेल्या. त्याच्या बाहेरच्या, थोड्या लहान पायरीवर डाव्या आट्यांची लॉकरिंग बसते. पायाने उलटा जोर दिला की कॉग सुटायच्या दिशेने फिरू पाहतो, तो लॉकरिंगला आपल्याबरोबर ओढतो, आणि आटे डावे असल्यामुळे लॉकरिंग उलट घट्ट होते. सगळी सुरक्षितता या एका रचनेत आहे. साध्या फ्रीव्हील हबला हीच उजव्या आट्यांची पायरी असते, पण डावी पायरी नसते. तिच्यावर कॉग चढवून बॉटम ब्रॅकेटची रिंग आवळायची आणि वर आटे चिकटवणारे द्रव्य ओतायचे, हा जुगाड आजही होतो, कारण आटे जुळतात. ब्रेक नसलेल्या सायकलीवर तो जीवघेणा आहे आणि ब्रेक असलेल्या सायकलीवर मूर्खपणाचा. फॉर्म्युला, मिके, शिमानो यांचे ट्रॅक हब चांगले आहेत. सर्वांत महागडाच पाहिजे असे नाही, पण आटे खोल आणि स्वच्छ कापलेले असावेत. कॉग स्टीलचाच घ्यावा. एका बाजूला कॉग, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील अशी सोय असलेला फ्लिप-फ्लॉप हब पहिल्या सायकलीला योग्य ठरतो.

बसवण्याची रीत अशी. आट्यांना ग्रीस लावावे, कॉग हाताने शेवटपर्यंत फिरवावा. हाताने फिरत नसेल तर आटा चढला आहे असे समजून थांबावे. मग चेनव्हिपने (चेनचा तुकडा जोडलेल्या पान्याने) आवळावा, हुकच्या पान्याने लॉकरिंग डावीकडे फिरवून घट्ट करावी. त्यानंतर ब्रेक लावलेली सायकल घेऊन एखादा चढ उभे राहून चढावा, उलटा जोर न देता. चढावरच्या जोराने कॉग अजून किंचित आत बसतो आणि लॉकरिंग सैल पडते. ती परत येऊन पुन्हा आवळावी. ही दुसरी आवळणी न केल्यामुळे हबचे आटे उडतात, आणि दोष मात्र हबवर जातो.

चाक ३२ किंवा ३६ आऱ्यांचे, तीन क्रॉसचे (प्रत्येक आरा दुसऱ्या तीन आऱ्यांना ओलांडेल असे) बांधून घ्यावे. ट्रॅक हबवर दोन्ही बाजूंचे आरे जवळपास सारख्या ताणाचे राहतात, त्यामुळे गिअरच्या मागच्या चाकापेक्षा हे चाक मुळातच मजबूत होते. काकांच्या सायकलीला २७ इंची चाके असतील तर ७०० सीची रिम त्रिज्येने ४ मिमी लहान पडते, तेव्हा ब्रेकचे पॅड तितके खाली येतात का हे रिम घेण्याआधी पाहावे. दांडी-ब्रेकच्या देशी सायकलच्या २८ x १½ चाकांच्या बाबतीत हा फरक ६.५ मिमी होतो.

चेनरिंग आणि कॉग मध्यरेषेपासून सारख्याच अंतरावर असायला हवेत; ट्रॅकचे रूढ माप ४२ मिमी. जुना दोन चेनरिंगचा रोड क्रँक वापरायचा असेल तर चेनरिंग आतल्या जागी लावावे, ते या मापाच्या अगदी जवळ येते. नवीन क्रँक घेताना एवढेच पाहावे की चौकोनी एक्सलची टोके आयएसओ मापाची आहेत की जेआयएस, कारण क्रँक चुकीच्या एक्सलवर कमी-जास्त आत जातो आणि चेनची रेषा बिघडते. चेन आणि दात एकाच रुंदीचे, १/८ इंचाचे, घ्यावेत. १/८ची चेन ३/३२च्या दातांवर चालते, उलटे चालत नाही.

चेनचा ताण लावताना चेनरिंग कधीच पूर्ण गोल नसते हे लक्षात ठेवावे. पेडल हळू फिरवत चेन सर्वांत ताठ कुठे होते ते पाहावे, तिथे चेनरिंगचे बोल्ट किंचित सैल करून रिंगला हलकेच टिचकी मारावी, पुन्हा फिरवावे, असे करत रिंग मध्यावर आणावी. सर्वांत ताठ जागीही चेनला मधोमध सुमारे सेंटिमीटरभर झोळ राहिला पाहिजे. त्यापेक्षा ताठ केली तर बेअरिंग झिजते. हे करताना आणि चेन पुसताना चाक फिरत असेल तर बोटे चेनपासून दूर ठेवावीत. फ्रीव्हील नसल्यामुळे अडकलेले बोट पाहून चाक थांबत नाही, आणि यात लोकांनी बोटांची टोके गमावली आहेत.

गिअरसाठी कोथरूड-बावधनकडचे चढ-उतार धरून ४६/१७ (चेनरिंगचे ४६ दात, कॉगचे १७) सुचवतो. मिनिटाला ९० फेऱ्यांच्या लयीत तो ताशी सुमारे ३१ किमी वेग देतो. उतारावर ५० किमीला पाय मिनिटाला जवळजवळ १४६ फेरे घेतात, म्हणजे तिथे ब्रेकच हवा. ४८/१६ टाळावा, कारण तो भागून ३/१ होतो, म्हणजे पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला चाक बरोबर तीनदा फिरते. मागचे चाक घसरवून थांबणाऱ्याचे टायर प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी घासून फुटते. ४६/१७मध्ये तीच झीज १७ ठिकाणी वाटली जाते. अर्थात रस्त्यावर थांबण्यासाठी टायर घासू नये. पुढचा ब्रेक हा मुख्य ब्रेक. ब्रिटनच्या नियमांत फिक्स्ड चाक ही एक ब्रेक-व्यवस्था म्हणून धरली जाते आणि पुढचा ब्रेक तरीही लागतोच. ती किमान पातळी आहे. पहिल्या वर्षी मी दोन्ही ब्रेक लावायला सांगेन, कारण कात्रजच्या उतारावर चेन उतरली तर पायांचा काहीच उपयोग उरत नाही. पेडलला क्लिप आणि पट्टा, किंवा क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी), हवाच. हँडल साधे रोडचे घ्यावे. खोल वाकाच्या ट्रॅक हँडलवर ब्रेक-लिव्हर नीट बसत नाहीत.

बालेवाडीला जाताना ब्रेक उतरवावे लागतील, ट्रॅकवर ते चालत नाहीत. तिथे ४६/१७ हलका पडेल. ४८ची चेनरिंग आणि १५चा कॉग जवळ ठेवावा. दोन्ही जोड्यांच्या दातांची बेरीज ६३च होते, त्यामुळे चेन तीच चालते आणि एक्सलही जवळपास आहे तिथेच बसते. कॉग बदलल्यावर चढाची ती दुसरी आवळणी मात्र ट्रॅकवर उतरण्याआधी, ब्रेक अजून सायकलवर असतानाच, करून घ्यावी.